दादाच्या फोटोचा खिळा

डोळे मिटायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं काही नुकसान नव्हतं. प्रार्थना चालू असताना कोण डोळे उघडे ठेवून बसलंय हे बघायचं तर आधी स्वतःचे उघडावे लागतात. म्हणजे पकडणाराही चोरच. (शाळा मी लवकर सोडली, पण एवढा हिशोब मला येतो.)

कारण सांगतो. माझा दादा रंगारी होता. इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. परांचीचा दोर सुटला आणि तो वरून खाली आला. खाली तेव्हा माणसं होती, चांगली पाच-सहा. सगळी मान खाली घालून डबा खात होती. दोर सैल होतोय, फळी सरकतेय, हे वर बघणाऱ्याला सहज दिसलं असतं. कुणी वर बघत नव्हतं. आणि जो वर असतो त्याने खाली बघितलं नाही, तो वेगळाच मुद्दा.

तेव्हापासून लोक घरी येतात, खुर्चीवर बसतात आणि मला सांगतात, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ म्हणजे मी भरपूर जगणार, हे नक्की.

आत्या तर रोज यायची आणि रोज म्हणायची, “देवाची इच्छा, बाळा.”

एक दिवस मी म्हटलं, “दोर देवाने बांधला होता का? ठेकेदाराने बांधला होता.”

“असं बोलू नये.”

“मग कसं बोलू?”

“बोलूच नये,” आत्या म्हणाली, आणि स्वतः पुढे तासभर बोलली.

आता मी काय काम करतो तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. लोक घर बदलतात तेव्हा त्यांचं सामान हलवणारी गाडी येते ना, त्या गाडीवर मी असतो. कपाट पाठीवर घेऊन मी जिना उतरतो, तेही वळणावर भिंतीला न घासता. वजन उचलणं ही एकच गोष्ट मला या जगात नीट जमते. त्यामुळे दादाची शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा मी पुढे झालो. कुणीतरी माझा दंड धरून मला मागे घेतलं.

“तू नको रे. तू बुटका आहेस. पेटी एका बाजूला कलते.”

परक्या लोकांचे पलंग वाहिले मी. फ्रीज वाहिले. एकदा तर एका म्हातारीचा पियानो वाहिला. आणि माझ्या सख्ख्या भावाला न्यायचं तर माझी उंची आडवी आली. मी मोकळा दिसतोय म्हणून मला पाळकसाहेबांची छत्री धरायला दिली. भावाच्या दफनाला मी छत्री घेऊन गेलो. ऊनही नव्हतं.

म्हणून दादाचा फोटो आला तेव्हा मी जाहीर केलं, “खिळा मी ठोकणार.”

फोटो आत्याने करून आणला होता. फोटो कसला, दरवाजाच होता तो. जाडजूड लाकडी चौकट आणि बँकेच्या खिडकीला शोभेल अशी काच. दादाचा एक हसरा फोटो होता आमच्याकडे, कपाळाला पिवळा रंग लागलेला. फोटोवाल्याने तो रंग पुसला आणि वर कोट आणि टाय चढवला. मागे निळं आकाश टाकलं. दादाने जन्मात कधी टाय घातला नव्हता. आता तो विमा विकायला स्वर्गात चालल्यासारखा दिसत होता.

आमच्या शेजारी सुतारकाका राहतात. ते हातोडी आणि ड्रिल घेऊनच आले. “सरक टिल्लू, वजनदार आहे. नीट भोक पाडून आत लाकडाची गिट्टी बसवू या, म्हणजे खिळा पकडेल.”

(टिल्लू म्हणजे मी. हे नाव दादाने ठेवलं. आता ज्याने ठेवलं तो गेला आणि नाव मात्र गल्लीभर राहिलं.)

“मीच ठोकणार,” मी म्हटलं.

“अरे, पण—”

“काका, त्याला खांदा तुम्ही दिलात ना? मग खिळा मला द्या.”

काका हातोडी माझ्या हातात देऊन दाराशी जाऊन उभे राहिले. मी स्टुलावर चढलो. दादा उंच होता, म्हणून फोटोही उंच लावायचा ठरवलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “तिथे नको. जरा बाजूला घे.”

“इथेच.”

“अरे, ऐक तरी.”

“आई, एक गोष्ट मला माझ्या मनाने करू दे!”

मी जरा ओरडलोच. आई आत गेली. मी खिळा ठेवला, पहिला घाव घातला आणि काय सांगू, खिळा असा आत गेला जसा लोण्यातच गेला. सुतारकाकांच्या हाताला घट्टे पडले, पण त्यांना असा खिळा मारता आला नसता. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, दादाच पलीकडून हात देतोय. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “फारच सोपा गेला रे.” मला वाटलं, जळतात.

त्याच संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा होती. मंडळी यायच्या आधी आई हात पुसत माझ्यापाशी आली.

“शेवटची प्रार्थना आज तू कर. दादा करायचा तशी.”

घरात प्रार्थना करायचं काम दादाचं होतं. बाबा मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून. त्याची प्रार्थना म्हणजे अशी: ‘देवा, जेवण गरम आहे, सगळे बसलोय, बाकी तुला माहीतच आहे. आमेन.’ आत्याला हे मुळीच पटत नसे. ती म्हणायची, देवाला काय तार पाठवतोस का? दादा म्हणायचा, आत्या, त्याच्याकडे रांग मोठी असते, आपण थोडक्यात आटपावं.

“मी नाही करणार,” मी आईला म्हटलं.

“दोन वाक्यं फक्त.”

“एकही नाही. माझं बोलणं बंद आहे.”

“कुणाशी?”

मी वर बोट केलं.

आई थोडा वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग बोलणं बंद आहे, एवढं तरी सांग त्याला.”

“तेही नाही सांगणार.”

ती कपबशा मांडायला गेली. तिला त्या दिवशी दुसरं काही नको होतं, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच राग येत होता.

सभा सुरू झाली. पाळकसाहेब मोठे, जाड, मनाने चांगले. त्यांना मानाची जागा म्हणून आईने बरोबर फोटोखाली खुर्ची दिली होती. त्यांच्या मागे भिंतीला लागून माझं स्टूल तसंच राहिलं होतं, त्यावर त्यांनी आपली पिशवी आणि टोपी ठेवली. मी समोर दाराजवळ बसलो. गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, “आपण डोळे मिटू या.”

सगळ्यांनी मिटले. मी उघडे ठेवले.

डोळे उघडे ठेवल्यावर प्रार्थना फार वेगळी दिसते. सुतारकाका ‘प्रभू’ या पहिल्या शब्दालाच झोपले. आत्या डोळे मिटूनच टेबलावरच्या केकची ताटली हाताने चाचपून माश्यांपासून झाकत होती. आईने ओढणी पुढे ओढून घेतली होती, तिचं तोंड दिसत नव्हतं. आणि पाळकसाहेबांच्या टकलावर काहीतरी पांढरं पडलं.

मला आधी वाटलं, पीठ. मग आणखी पडलं. मी वर बघितलं.

खिळा हलत होता.

हलत होता म्हणजे, खाली मान घालत होता. सभेत मान घालून बसलेल्या सगळ्यांसारखा तोही हळूहळू नम्र होत चालला होता. त्याच्याभोवतीचा रंग फुटला होता, आणि त्यातून पांढरी भुकटी पाळकसाहेबांच्या डोक्यावर गळत होती. वर माझा दादा, टाय लावून, त्या सगळ्या काचेसकट आणि लाकडासकट पुढे झुकायला लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, ओरडायचं! कसा ओरडू? ओरडलो तर पहिला प्रश्न, तुला दिसलं कसं? म्हणजे डोळे उघडे होते. म्हणजे भावाच्या प्रार्थनासभेत पोरगा डोळे उघडे ठेवून बसतो. आईने मान कुठे घालायची? शिवाय सुतारकाका जागे होऊन म्हणणार, बघ, तरी सांगत होतो. मी ठरवलं, आमेन होईपर्यंत थांबायचं.

पण पाळकसाहेबांचा आमेन काही येईना. त्यांनी आमच्या कुटुंबासाठी मागितलं. मग आजाऱ्यांसाठी. मग प्रवाशांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, राज्य करणाऱ्यांसाठी. प्रत्येक वेळी आवाज खाली यायचा, मला वाटायचं आता आला आमेन, आणि तेवढ्यात ते म्हणायचे, “तसंच, प्रभू...” की गाडी पुन्हा चालू! खिळा मात्र थांबत नव्हता. त्याला आजारी नाहीत, प्रवासी नाहीत.

एक मोठा पोपडा निसटला. पाळकसाहेबांनी डोळे न उघडता डोक्यावरून हात फिरवला आणि आवाज आणखी चढवला.

मी खाली उतरलो आणि रांगायला लागलो.

खुर्च्यांच्या मधून, पायांच्या मधून. आत्याच्या पर्सच्या पट्ट्यात माझा पाय अडकला. तिने डोळे न उघडता पर्स मांडीवर ओढून घेतली. (प्रार्थनेतही आत्या चोरांना विसरत नाही.) सुतारकाकांच्या पायाच्या बोटांवर माझा गुडघा पडला, ते झोपेत म्हणाले, “आमेन.” दोघातिघांनी डोळे उघडायला घेतले असतील, मी जमिनीला चिकटलो. पाळकसाहेब म्हणाले, “तसंच, प्रभू...” पुन्हा सगळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या ‘तसंच’चा आधार वाटला.

खुर्चीमागे पोहोचलो. पिशवी खाली ठेवली, टोपी कुठे ठेवावी कळेना म्हणून स्वतःच्या डोक्यात घातली. खुर्ची आणि भिंत यांच्यात जागा इतकी कमी की वळता येईना. पाठ भिंतीला, तोंड लोकांकडे, असाच मी स्टुलावर चढलो. दोन्ही हात वर केले आणि चौकट खालून धरली. वेळेवर. सगळं वजन माझ्या तळहातांवर आलं.

वाचला दादा. धरला मी त्याला.

मी वर खिळ्याकडे बघत होतो, म्हणून भुकटी सरळ डोळ्यांत गेली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात नव्हते. आणि नेमका तेव्हाच, सगळं जग मागून झाल्यावर, पाळकसाहेब म्हणाले, “आमेन.”

सगळ्यांनी डोळे उघडले. त्यांना काय दिसलं असेल बघा. ज्या पोराने दफनानंतर चर्चचा उंबरा ओलांडला नव्हता, तो भावाच्या फोटोखाली उभा, दोन्ही हात आकाशाकडे, तोंड वर, गालांवरून अश्रू. डोक्यात पाळकांची टोपी.

कुणी हलेना.

“अगं बाई,” आत्या हळूच म्हणाली. “याने हात वर केले.”

“आपल्या मंडळीत हात वर करत नाहीत,” मागून कुणीतरी कुजबुजलं. “ते पलीकडच्या चर्चच्या मंडळीत करतात.”

“पलीकडे जातोस का रे तू?” आत्याने विचारलं.

“नाही.”

“मग हात खाली घे.”

“नाही घेता येत.”

“घेता येत नाही म्हणतोय!” आत्याने तोंडावर हात ठेवला. “पाळकसाहेब, याला हात खाली घेता येत नाहीत!”

पाळकसाहेब खुर्चीत वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचेही डोळे भरून आले. (मला तेव्हा इतकी लाज वाटली की फोटो सोडून द्यावासा वाटला.) ते म्हणाले, “पोरा, खाली घेऊ नकोस. शेवटची प्रार्थना तूच कर.”

मी आईकडे बघितलं. तिने ओढणी मागे सारली होती. नुसती बघत होती.

माझे दंड थरथरायला लागले होते. कपाट पाठीवर घेणं वेगळं, आणि भाऊ हातांवर तोलणं वेगळं. डोक्यात एकही शब्द येईना. शेवटी तोंडातून जे निघालं ते असं.

“देवा, तुझ्याशी माझं बोलणं बंद आहे. हे मी आईसाठी बोलतोय.”

कुणीतरी खोकलं.

“तुझं लक्ष नव्हतं. एवढा वर बसतोस आणि तुझं लक्ष नव्हतं. तो फार वजनदार नव्हता. कुणी नुसतं वर बघितलं असतं, तरी...” इथे माझा आवाज गेला. थोड्या वेळाने परत आला. “माझे हात दुखतायत. मला जास्त वेळ धरता येणार नाही. बाकी तुला माहीतच आहे. आमेन.”

आमेन कुणी म्हटला नाही. मग आईने म्हटला. मग सगळ्यांनी.

आणि टक् असा आवाज झाला. खिळा सुटला आणि पाळकसाहेबांच्या मांडीवर उघड्या असलेल्या बायबलमध्ये पडला. त्यांनी तो दोन बोटांत उचलला. माझ्या मनात आलं, सुटलो, आता यांना कळलं. पण पाळकांच्या हातात खिळा पडला की काय होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते उभे राहिले. त्यांनी खिळा वर धरला.

“मंडळी,” ते म्हणाले, “खिळा!”

आणि प्रवचन सुरू झालं. खिळा म्हणजे काय, तो कुणाच्या हातांत ठोकला गेला, आपण रोज तो कसा पुन्हा ठोकतो. बोलता बोलता त्यांनी मागे वळून माझ्या हातांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “बघा हे हात!” सगळ्यांनी बघितले. माझी बोटं पांढरी पडली होती. घाम नाकावरून ओघळत होता, टोपी डोळ्यांवर आली होती. मी मनात वरच्याला म्हटलं, बोलणं सुरू केलं म्हणून लगेच असं करतोस?

मला आत्याने वाचवलं. “पाळकसाहेब, चहा गार होतोय.”

सगळे चहाला बाहेर गेले. जाताना एकेकाने माझ्याकडे बघून मान हलवली. सुतारकाका डोळे चोळत म्हणाले, “काय झालं? संपलं?” आणि तेही गेले.

आई तेवढी राहिली. तिने दार लोटलं, पाळकसाहेबांची खुर्ची सरकवली, तिच्यावर चढली आणि चौकटीची दुसरी बाजू धरली.

“घे. सावकाश. काच सांभाळ.”

दोघांनी मिळून दादाला खाली घेतला आणि भिंतीला टेकवून उभा केला. माझे हात काही खाली येईनात. ते तसेच वर राहिले होते. आईने एकेक धरून खाली केला, लहान मुलाचा सदरा काढतात तसा.

“खिळा सुटत होता,” मी म्हटलं.

“बघितलं मी.”

“केव्हा?”

“पहिली भुकटी पडली तेव्हा.”

“प्रार्थना चालू होती तेव्हा?”

आईने टोपी माझ्या डोक्यावरून काढली आणि झटकली.

“मिटले की तो पडताना दिसतो,” ती म्हणाली. “तेव्हापासून मिटतच नाही मी. ओढणी पुढे घेते.”

मी म्हटलं, “मग सांगायचं ना पाळकसाहेबांना, सरका म्हणून!”

“कसं सांगू? तू का नाही सांगितलंस?”

आम्ही दोघं दादाशेजारी जमिनीवर बसलो. बाहेर आत्या कुणाला तरी सांगत होती की हा मुलगा आता पाळक होणार. आईला हसू आलं. दादा गेल्यापासूनचं पहिलं. मग हसताहसता ती रडायला लागली, आणि मग मी. पण ते सांगण्यासारखं नाही.

जरा वेळाने ती उठली आणि भिंतीतल्या खड्ड्यात बोट घातलं. बोट अर्धं आत गेलं.

“तुला म्हटलं होतं, तिथे नको.”

“भिंतच भुसभुशीत आहे.”

“भिंत चांगली आहे. मागे तू तो माणसाएवढा आरसा लावायला इथेच खिळा ठोकला होतास, आठवतंय? भांग पाडायचं वेड लागलं होतं तेव्हा. आरसा पडला आणि भिंतीचा एवढा लचका आला. मला कळू नये म्हणून दादाने लांबी भरली, ती रंगाऱ्यांची पुट्टी, आणि वरून रंग दिला. मी बाजारातून आले तर दोघं भिंतीला टेकून उभे. गाणं म्हणत.”

आठवलं. दादाने इतकं बेमालूम काम केलं होतं की भगदाड कुठे होतं तेच मी विसरलो होतो. आणि सबंध भिंत मोकळी असताना मी खिळा बरोबर तिथे मारला, जिथे भिंतच नव्हती. पलीकडून हात देत होता म्हणे! नुसती लांबी होती ती.

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?”

“मला काय दिसत नाही?” आई म्हणाली आणि कपबशा गोळा करायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी दादाचा लांबीचा जुना डबा काढला आणि खड्डा स्वतः भरला. भावाचं काम पुढे चालवायचं, असं मनात होतं. वाळल्यावर तिथे असा उंचवटा आला, जसं भिंतीला गळूच झालंय. रंगही वेगळा लागला. सुतारकाका आले, बराच वेळ बघत राहिले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मग ड्रिल काढून त्यांनी बाजूला, पक्क्या भिंतीत भोक पाडलं, गिट्टी बसवली आणि खिळा मारला.

“फोटो इथेच लाव,” म्हणाले. “तुझं ते काम झाकलं जाईल.”

आता चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की निम्मी मंडळी डोळे किलकिले करून माझे हात वर जातात का ते बघते. (मला कसं माहीत, ते तुम्हाला माहीतच आहे.) आणि घरी दादा पुन्हा त्याच जागी उभा आहे. मी केलेल्या भगदाडाला पाठ लावून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने आईकडे बघून हसतोय. फक्त या वेळी टाय लावून.